सिस्टिम कॉलचा माग: एसट्रेस कधी, ईबीपीएफ कधी

एखादा प्रोग्रॅम सुरूच होत नाही आणि कारणही सांगत नाही; किंवा सुरू होतो, पण मध्येच गप्प बसतो. लॉगमध्ये काही सापडत नाही. सोर्स कोड हाताशी नसतो, किंवा असला तरी वाचून संपणार नाही इतका मोठा असतो. अशा वेळी युनिक्सच्या घराण्यातल्या कोणत्याही सिस्टिमवर एक वाट हमखास उरते. प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो, नेटवर्कवर बोलायचे असो, मेमरी मागायची असो की नवी प्रोसेस सुरू करायची असो, त्याला कर्नलकडे विनंती करावीच लागते. ही विनंती म्हणजे सिस्टिम कॉल. काय मागितले आणि काय मिळाले याची नोंद ठेवणारी साधने बरीच आहेत: लिनक्सवर एसट्रेस, पर्फ ट्रेस आणि बीपीएफट्रेस, बीएसडींवर केट्रेस, सोलॅरिसवर ट्रस आणि डीट्रेस, मॅकओएसवर डीट्रस. त्यांची तुलना बहुतेक ठिकाणी पर्यायांच्या तक्त्याने होते. वेळ कोण दाखवते, रंग कोण दाखवते, नवे कोणते, जुने कोणते. ऐन अडचणीच्या वेळी या तक्त्याचा फारसा उपयोग होत नाही. या साधनांमधला खरा फरक एकाच प्रश्नात आहे: कॉलचा ओघ आवरेनासा झाला की तोटा कोण सोसतो? काही साधने प्रोसेसला थांबवून ठेवतात, पण नोंद अर्धवट राहू देत नाहीत. काही साधने प्रोसेसच्या वाटेत येत नाहीत, पण प्रसंगी नोंदच सोडून देतात. कोणते साधन कधी हाती घ्यायचे, हे या फरकावरून ठरवावे.

पहिल्या गटाचा म्होरक्या एसट्रेस. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी ते १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिले, ब्रँको लँकेस्टर यांनी लिनक्सवर आणले, आणि १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्ही शाखा एकत्र करताना सिस्टिम व्ही रिलीज ४ मधल्या ट्रसचे बरेच गुण त्यात घेतले. लिनक्सवर ते पीट्रेस या सिस्टिम कॉलवर चालते. डीबगरही याच पीट्रेसवर चालतात. माग काढली जाणारी प्रोसेस कॉल करायला निघाली की कर्नल तिला थांबवते आणि एसट्रेसला जागे करते. एसट्रेस रजिस्टर वाचते, प्रोसेसच्या मेमरीतून फाइलचे नाव किंवा पत्ता उचलते आणि तिला पुढे जाऊ देते. कॉल संपल्यावर हाच प्रकार पुन्हा होतो. म्हणजे एका कॉलमागे दोन थांबे, आणि प्रत्येक थांब्याला प्रोसेसरवरची प्रोसेस बदलून पुन्हा जागेवर आणायची. प्रोसेस थांबलेली असल्यामुळे एसट्रेसला निवांतपणे सगळे वाचता येते. म्हणूनच त्याची नोंद इतकी सविस्तर असते: फ्लॅगची नावे, नेटवर्कचे पत्ते, स्ट्रक्चरमधली प्रत्येक किंमत, चूक झाली तर तिचे नाव आणि अर्थ. हा तपशील आणि हा संथपणा दोन्ही एकाच थांब्यातून येतात. एक हवे आणि दुसरे नको, असे इथे करता येत नाही.

हा संथपणा किती, याचा गाजलेला दाखला ब्रेंडन ग्रेग यांच्या २०१४ मधल्या चाचणीचा आहे. डीडी या साध्या प्रोग्रॅमला त्यांनी एकेक बाइट वाचून एकेक बाइट लिहायला लावले, आणि हे पाच लाखांहून अधिक वेळा. एरवी सुमारे ०.१ सेकंदात होणारे हे काम एसट्रेसखाली सुमारे ४६ सेकंदांवर गेले, म्हणजे ४४२ पट. त्यात विशेष असे, की एसट्रेसला फक्त 'अ‍ॅक्सेप्ट' हा एकच कॉल दाखवायला सांगितले होते आणि डीडी तो कॉल कधी करतच नाही. दाखवण्यासारखे काही नव्हते, तरी किंमत पुरी मोजावी लागली. कारण हवा तो कॉल निवडण्याचे काम थांबवून झाल्यावर होते. नाकाबंदीत पोलिसांना एकच लाल गाडी हवी असते, पण रांगेत प्रत्येक गाडीला थांबावे लागते. शेजारच्या खांबावरचा कॅमेरा मात्र कोणालाही न अडवता गाड्या मोजत राहतो, फक्त गर्दीत एखादी नंबरप्लेट त्याच्याकडून सुटते. एसट्रेसच्या ५.३ या २०१९ मधल्या आवृत्तीने सेकॉम्प-बीपीएफ नावाचा पर्याय आणून यावर थोडा उतारा दिला. त्यात नको असलेले कॉल कर्नलमध्येच वगळले जातात आणि प्रोसेस हव्या त्या कॉललाच थांबते. पण हा पर्याय उपप्रक्रियांचाही माग काढणाऱ्या 'एफ'बरोबरच चालतो, आणि आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला मागाहून जोडून घेतल्यास त्याचा लाभ मिळत नाही.

४४२ हा आकडा ऐकून एसट्रेसला कायमचा हात जोडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तो आकडा थोडा उलगडून पाहावा. त्या चाचणीत वाचण्याचे आणि लिहिण्याचे मिळून दहा लाखांवर कॉल झाले. ४६ सेकंदांना त्या संख्येने भागले तर एका कॉलमागे सुमारे ४५ मायक्रोसेकंद येतात. म्हणजे एसट्रेसचे ओझे पटींत मोजण्यात अर्थ नाही. ते कॉलच्या संख्येवर बसते. सेकंदाला दोनशे कॉल करणाऱ्या प्रोसेसवर या हिशेबाने सेकंदातले ९ मिलिसेकंद खर्च होतील, म्हणजे एक टक्काही नाही. सेकंदाला वीस हजार कॉल करणाऱ्या डेटाबेसवर मात्र तेच ओझे एका सेकंदाच्या कामामागे ०.९ सेकंदाचे होते आणि वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. यंत्र बदलले की ४५ हा आकडा बदलेल, हिशेबाची रीत बदलणार नाही. एसट्रेस जोडण्याआधी ती प्रोसेस सेकंदाला किती कॉल करते, याचा अंदाज घ्यावा. पर्फला त्या प्रोसेसचे कॉल नुसते मोजायला सांगितले तर हा आकडा काही सेकंदांत, फारसा धक्का न लावता मिळतो.

दुसऱ्या गटातली साधने कर्नलच्या आतच नोंद करतात. डीट्रेस हे त्यातले पहिले मोठे पाऊल. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि अ‍ॅडम लेव्हन्थल यांनी ते घडवले आणि २००५ मध्ये सोलॅरिस १० बरोबर ते लोकांच्या हाती आले. चालत्या, कामाच्या सर्व्हरवर न घाबरता वापरता यावे ही त्याची मूळ अट होती, आणि तिच्यातूनच त्याची ठेवण ठरली. छोटा प्रोग्रॅम कर्नलमध्ये चालतो, प्रत्येक प्रोसेसरच्या बफरमध्ये नोंद टाकतो आणि बाजूला होतो; बफर भरला तर सिस्टिमला थोपवून धरण्याऐवजी नोंद टाकून देतो आणि किती नोंदी सुटल्या ते सांगतो. लिनक्सवर पर्फ ट्रेस कर्नलमधल्या ठरावीक ट्रेसपॉइंटवर बसते. बीपीएफट्रेस ईबीपीएफच्या आधाराने तिथेच तुमचा छोटा प्रोग्रॅम चालवते. दोन्हींचा स्वभाव डीट्रेससारखाच आहे: ओघ वाढला की हरवलेल्या नोंदींची संख्या कळते, त्या नोंदींत काय होते ते कळत नाही. या गटाचे खरे बळ प्रत्येक कॉल छापण्यात नाहीच. ते कर्नलमध्येच बेरीज करण्यात आहे. कोणत्या प्रोसेसने किती कॉल केले, वाचण्याच्या कॉलला लागलेला वेळ कसा विभागला गेला, असे प्रश्न विचारले की लाखो घटनांमधून मूठभर आकडे बाहेर येतात. याच साधनांना 'सगळे कॉल ओळीने छाप' म्हटले, तर त्यांचा बराचसा फायदा आपण हाताने घालवतो.

आता यातून निवड कशी निघते ते पाहू. 'काय झाले' आणि 'किती वेळ लागला' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्यासाठी थांबवून वाचणारे साधन घ्यावे. सेटिंगची फाइल सापडत नाही असे म्हणणारा प्रोग्रॅम ती नेमकी कोणत्या वाटेवर शोधतो आहे. परवानगी नाही म्हणतो ती कोणत्या फाइलची. दुसऱ्या सर्व्हरशी जोडणी होत नाही तेव्हा तो कोणता पत्ता आणि पोर्ट वापरतो आहे. या प्रश्नांना एसट्रेसइतके सरळ उत्तर दुसरे कोणी देत नाही. इथे एकच ओळ निर्णायक ठरू शकते. ती सुटली तर सगळा माग फुकट जातो, म्हणून पूर्ण नोंद हवी आणि संथपणा चालतो. फाइलशी संबंधित कॉल बघताना 'ओपन' या एका कॉलचे नाव देऊ नये. आजची जीलिबसी फाइल उघडायला 'ओपनअ‍ॅट' वापरते, त्यामुळे 'ओपन'वर लक्ष ठेवणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि प्रोग्रॅम फाइल उघडतच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्याऐवजी फाइलचा अख्खा वर्ग मागावा. 'वाय' पर्याय लावला की नुसत्या फाइल क्रमांकाऐवजी फाइलचे नाव दिसते, आणि फक्त अपयशी ठरलेले कॉल दाखवणारा कॅपिटल 'झेड' पर्याय हजारो ओळींतून कामाच्या तेवढ्या वर आणतो. 'एफ' विसरला तर प्रोग्रॅमने जन्माला घातलेल्या प्रोसेस आणि थ्रेड नोंदीत येत नाहीत. आजचे बहुतेक सर्व्हर खरे काम त्यांच्यातच करतात.

'किती वेळ लागला' या प्रश्नासाठी मात्र एसट्रेसवर भिस्त ठेवण्याआधी दोनदा विचार करावा. दोन-चार मायक्रोसेकंदांत संपणारा कॉल त्याच्या नोंदीत कितीतरी पट लांब दिसतो, कारण थांब्याचा वेळही त्यातच धरला जातो. शिवाय कमी कॉल करणारा भाग आणि जास्त कॉल करणारा भाग यांचे आपसातले प्रमाणच बिघडते. प्रोग्रॅमचा सगळ्यात संथ भाग कोणता, याचे उत्तरच बदलून जाते. उलट जोडणीच्या कॉलला तीन सेकंद लागले असे एसट्रेस म्हणत असेल, तर ते खरे मानायला हरकत नाही. तीन सेकंदांपुढे ४५ मायक्रोसेकंद काहीच नाहीत. आणखी एक खाच पुष्कळांना गाठते. 'सी' पर्यायाने येणाऱ्या गोळाबेरजेच्या तक्त्यातला वेळ हा प्रोसेसरने कर्नलमध्ये काम करण्यात घालवलेला वेळ असतो, घड्याळाचा नव्हे. एखादी प्रोसेस दहा सेकंद 'पोल'मध्ये वाट पाहत बसली, तरी त्या तक्त्यात तिचा वेळ जवळपास शून्य दिसतो. घड्याळाचा वेळ हवा असेल तर जोडीला 'डब्ल्यू' द्यावा लागतो. सूक्ष्म वेळा आणि त्यांचे वाटप हवे असेल, किंवा अख्ख्या यंत्रावर कोण किती कॉल करते आहे हे पाहायचे असेल, तर पर्फ ट्रेस, बीपीएफट्रेस किंवा डीट्रेसकडेच वळावे. दोन थ्रेडच्या शर्यतीतून होणारे दोषही याच बाजूला येतात. प्रोसेस संथ झाली की शर्यतीची वेळ बदलते आणि दोष दिसेनासा होतो, किंवा एरवी न येणारा टाइमआउट येऊ लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की ईबीपीएफ इतके पक्व झाल्यावर एसट्रेस हवेच कशाला. आक्षेप वजनदार आहे. वेगाच्या बाबतीत तुलनाच होत नाही. पण तपशिलाच्या बाबतीत फरक अजून मोठा आहे. पर्फ ट्रेसमध्ये बऱ्याच ठिकाणी फाइलच्या नावाऐवजी मेमरीतला पत्ता छापून येतो. बीपीएफट्रेसमध्ये कॉलच्या सुरुवातीला नाव वाचताना ते ज्या पानावर आहे ते पान अजून मेमरीत आलेले नसेल, तर हाती रिकामी ओळ लागते, कारण कर्नलमधला तो छोटा प्रोग्रॅम पान येईपर्यंत थांबू शकत नाही. दुसरे म्हणजे अधिकार. स्वतःच सुरू केलेल्या प्रोग्रॅमवर एसट्रेस लावायला साध्या वापरकर्त्याला रूट व्हावे लागत नाही. बीपीएफट्रेसला सहसा लागते. सामायिक सर्व्हरवर किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा फरक निर्णायक आहे. आणि तिसरे, एसट्रेस नुसते पाहत नाही, हस्तक्षेपही करू शकते. 'इंजेक्ट' पर्यायाने ठरावीक कॉलला मुद्दाम अपयश देता येते: डिस्क भरली, मेमरी संपली, लिहिताना चूक झाली असे भासवून प्रोग्रॅम काय करतो ते तपासता येते. आपल्या प्रोग्रॅमचा चुका हाताळणारा भाग खरोखर चालतो का, हे तपासायला इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. थांबवता येते म्हणूनच हे जमते.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या दिशेने येतो: कामाच्या सर्व्हरवर एसट्रेस कधीच लावू नये. हा नियम नवख्यांसाठी सुरक्षित आहे, पण जिथे एसट्रेस सर्वांत उपयोगी पडते तिथेच तो आडवा येतो. अडकून बसलेली प्रोसेस कॉल करतच नसते, त्यामुळे तिला जोडून घेण्याचे ओझेही नगण्य असते. जोडताक्षणी ती कोणत्या कॉलमध्ये बसली आहे ते दिसते. एखाद्या सॉकेटवरून वाचायची वाट पाहत असेल तर पलीकडचे यंत्र उत्तर देत नाही. 'फ्युटेक्स'मध्ये असेल तर एखाद्या लॉकची वाट पाहते आहे. तो लॉक कोणाकडे आहे हे सिस्टिम कॉल सांगत नाहीत, तिथे डीबगरच हवा; आणि एका प्रोसेसला एका वेळी एकच पीट्रेस लागतो, म्हणून एसट्रेस सोडून मगच डीबगर जोडावा. प्रोसेस डी अवस्थेत, म्हणजे न मोडता येणाऱ्या झोपेत असेल, तर एसट्रेसलाही तिला थांबवता येत नाही आणि तेही तिच्याबरोबर खोळंबते. अशा वेळी प्रॉक फाइलसिस्टिममध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरमधली 'स्टॅक' ही फाइल रूट होऊन वाचावी. गजबजलेल्या प्रोसेसबाबत मात्र आक्षेप खरा आहे. तिथे आधी मोजावे, आणि माग काढायचाच असेल तर काही सेकंदांपुरता काढावा.

दोन्ही गटांना न दिसणारी गोष्टही ध्यानात ठेवायला हवी, कारण रिकामी नोंद पाहून 'काही घडलेच नाही' असे मानण्याची चूक तिच्यामुळे होते. वेळ विचारण्याचे काही कॉल लिनक्सवर व्हीडीएसओमुळे कर्नलमध्ये न जाताच उरकतात. 'एममॅप'ने मेमरीत जोडलेली फाइल वाचताना वाचण्याचा कॉल होतच नाही. डिस्कवरून डेटा येतो तो पेज फॉल्टच्या वाटेने. आणि लिनक्स ५.१ पासून आलेल्या आयओ-यूरिंगमध्ये प्रोग्रॅम कामांची यादी कर्नलशी सामायिक असलेल्या मेमरीत ठेवतो. नोंदीत फार तर 'यादी पाहा' एवढा एक कॉल येतो; आत कोणत्या फाइलचे वाचन झाले ते येत नाही. ते पाहायला कर्नलमधले आयओ-यूरिंगचे स्वतंत्र ट्रेसपॉइंट वापरावे लागतात, आणि तिथे पर्फ आणि बीपीएफट्रेसची बाजू उजवी आहे. हे तंत्र वापरणारे सर्व्हर वाढतील तसे सिस्टिम कॉलच्या नोंदीवरच विसंबून राहणे अपुरे ठरत जाईल.

लिनक्सबाहेर हाच निकष लावला की गोष्टी चटकन उमगतात. सोलॅरिस आणि इल्युमॉसवरचे ट्रस प्रोसेसला थांबवणारे आहे, म्हणून त्याचा वापर एसट्रेससारखा करावा आणि मोजमापासाठी तिथल्याच डीट्रेसकडे जावे. फ्रीबीएसडीवर ट्रस आणि डीट्रेस दोन्ही आहेत, पण मला तिथले केट्रेस अधिक मोलाचे वाटते. ते कर्नलकडूनच बायनरी नोंद फाइलमध्ये लिहून घेते. प्रोसेसला दुसऱ्या प्रोसेसची वाट पाहावी लागत नाही, आणि माणसाला वाचण्याजोगे रूप देण्याचे काम नंतर केडम्प करते. नोंदी सुटल्याच तर केडम्प तसे सांगते. ओपनबीएसडीवर 'प्लेज'चे बंधन मोडल्यामुळे मारला गेलेला प्रोग्रॅम नेमका कोणत्या कॉलवर अडला, हे केट्रेसने कळते. मॅकओएसवर डीट्रस आहे, पण २०१५ मधल्या एल कॅपिटनपासून आलेले सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोग्रॅमवर ते चालू देत नाही. नुसते फाइलचे व्यवहार बघायचे असतील तर तिथे रूट होऊन एफएस-यूसेज वापरावे.

लिनक्सवर एसट्रेस 'परवानगी नाही' म्हणत असेल, तर त्याची कारणे मोजकी असतात. उबुंटूसारख्या वितरणांत यामा या कर्नलमधल्या सुरक्षा-मॉड्यूलचे बंधन असते, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला आपल्याच चालू प्रोसेसलाही जोडून घेता येत नाही. एसट्रेसमधूनच प्रोग्रॅम सुरू केला तर मात्र चालते. डॉकरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कंटेनरच्या आत पीट्रेस मुळातच बंद असे. तिथे यजमान यंत्रावरून रूट होऊन जोडणे सोपे पडते. सेट-यूआयडी प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्याने एसट्रेसखाली चालवला तर त्याला वाढीव अधिकार मिळत नाहीत, आणि मग नोंदीत दिसणारे अपयश मूळ दोषाचे नसून माग काढण्यातून आलेले असते.

हाती आलेली नोंद कुठे ठेवायची, हा विचार माग काढण्याआधीच करावा. प्रोग्रॅमने वाचलेले आणि लिहिलेले सारे तिच्यात उतरू शकते: पासवर्ड, सत्राच्या चाव्या, ग्राहकांची नावे. एसट्रेस एरवी प्रत्येक मजकुराची पहिली ३२ अक्षरेच दाखवते, पण 'एस' पर्यायाने ती मर्यादा वाढवली की पूर्ण मजकूर येतो. केट्रेस तर वाचला-लिहिलेला डेटाही मूळ नोंदीतच घेते. सर्वांना वाचता येणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ही फाइल लिहू नये, फक्त स्वतःला वाचता येईल असे फोल्डर त्यासाठी आधी करावे. दोष कळवताना ती जोडायची असेल तर अख्खी फाइल न पाठवता अपयशी कॉल आणि त्यांच्या आधीच्या काही ओळी एवढ्याच, मजकूर खोडून पाठवाव्यात. 'काय झाले' या प्रकारच्या प्रश्नांना बहुतेक वेळा तेवढ्या ओळी पुरतात.